मायक्रोमीटरचे शून्य आणि त्यापलीकडील पडताळा

कार्यशाळेतील इतर हत्यारे बिघडली म्हणजे ती आपण होऊन तसे सांगतात. कानस बोथट झाली की धातूवरून घसरू लागते; ड्रिलची धार गेली की ते करकरते व तापते. मापनसाधनाचे तसे नाही. झिजलेला मायक्रोमीटर पूर्वीइतकाच सुरळीत फिरतो, त्याच्या रेघा पूर्वीइतक्याच स्पष्ट दिसतात, आणि चुकीचे मापही तो पूर्वीच्याच ठामपणे सांगतो. म्हणून मापनसाधन अचूक राखणे म्हणजे ते पुसून, तेल लावून पेटीत ठेवणे एवढेच नव्हे. ते आवश्यक आहेच. परंतु साधन खरे सांगते की नाही हे त्या साधनासच विचारून कळत नाही, त्यासाठी दुसरे काही तरी लागते. हे दुसरे काही तरी कोणते असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणादाखल ० ते २५ मिलिमीटरचा साधा मायक्रोमीटर घेऊ.

पॅरिसच्या पामरने १८४८ साली या साधनाचे पेटंट घेतले. त्यातील कल्पना आजही तीच आहे. स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर अर्धा मिलिमीटर असते व फिरत्या नळीवर ५० रेघा असतात. अर्थात एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ज्या रेषेत वस्तू धरली जाते त्याच रेषेत स्क्रू पुढे सरकतो, हा याचा मोठा गुण होय. व्हर्निअर कॅलिपरमध्ये पट्टी एकीकडे व वस्तू दुसरीकडे असते, आणि जबडा किंचित कलला तरी माप बदलते. हल्ली कॅलिपरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग आकड्यांत उमटतो, त्यामुळे तो तितकाच अचूक असावा असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः अशा चांगल्या साधनाचाही निर्माता दोन-तीन शतांशांच्या चुकीची मुभा मागून घेत असतो. आकडा बारीक उमटणे निराळे आणि तो खरा असणे निराळे.

रोज सकाळी मायक्रोमीटरचे शून्य पाहावे हा नियम प्रत्येक शिकाऊ मुलास शिकविला जातो, आणि तो योग्यच आहे. दोन्ही मुखांमध्ये स्वच्छ कागदाची पट्टी हलकेच धरून ओढून घ्यावी, म्हणजे चिकटलेले कण निघून जातात. मग रॅचेट फिरवून मुखे मिटवावी. शून्याची रेघ जुळली नाही तर पेटीतील लहानशा चावीने आतील नळी फिरवून ती जुळवून घ्यावी. परंतु यावरून काय सिद्ध झाले? मुखे मिटलेली असता साधन शून्य दाखविते, एवढेच. पंधरा मिलिमीटरवर ते काय दाखवील, याविषयी शून्य काहीही सांगत नाही.

ते कळण्याकरिता ज्ञात लांबीचे मापठोकळे लागतात. कारखान्यांत त्यांस स्लिप गेज म्हणतात. स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील बंदुकांच्या कारखान्यातील योहानसन याला १८९६ साली ही कल्पना सुचली. आरशासारखी सपाट केलेली पोलादी पृष्ठे एकमेकांवर दाबून सरकविली की घट्ट चिकटून राहतात. त्यामुळे थोड्या ठोकळ्यांतून असंख्य मापे जुळविता येतात. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून सुमारे २०,००० मापे मिळत असत.

मायक्रोमीटर तपासण्यासाठी मात्र कोणतीही मापे घेऊन भागत नाही. २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ अशी जी चमत्कारिक दिसणारी मापे प्रचारात आहेत, त्यांत मर्म आहे. ५, १०, १५ अशी पूर्ण मापे घेतली तर प्रत्येक वेळी फिरती नळी शून्याच्याच रेघेवर येऊन थांबते, व फेऱ्याच्या इतर भागांत असलेला दोष कधीच दृष्टीस पडत नाही. वरील मापांनी नळी अनुक्रमे ०, १०, २०, ३०, ४० या रेघांवर येते, आणि स्क्रूची लांबी व त्याचा फेरा या दोहोंची परीक्षा एकदम होते.

एवढी तपासणी केली म्हणजे साधन निर्दोष ठरले, असे प्रस्तुत लेखक अनेक वर्षे मानीत असे. हा समज एका प्रसंगाने दूर झाला. एका कारखान्यात झडपांकरिता ६ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्या एका लहान पुरवठादाराकडून घेतल्या जात. एका खेपेस तपासनिसास त्या सर्व गोळ्या जवळजवळ एक शतांश कमी भरल्या. पुरवठादार म्हणे, माझ्याकडे माप बरोबर येते. मायक्रोमीटर माझ्याकडे पडताळण्यास आला. मी शून्य पाहिले, ठोकळ्यांची सर्व मापे घेतली, चूक कोठेही दोन मायक्रॉनच्या वर नव्हती, आणि साधन ठीक असल्याचे लिहून सही केली. माल परत गेला.

पुढे काही महिन्यांनी दुसऱ्याच कामानिमित्त तोच मायक्रोमीटर माझ्या हाती आला व त्याच्या मुखावर काचेची सपाट चकती ठेवून पाहण्याचा योग आला. एकवर्णी प्रकाशात अशा चकतीखाली काळे-उजळ पट्टे दिसतात. मुख सपाट असेल तर ते सरळ व समांतर दिसतात, आणि खालीवर असेल तर वाकतात. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत पृष्ठाच्या उंचीत प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉनचा फरक असतो. येथे मुखाच्या मध्यभागी एकात एक अशी दाट वर्तुळे दिसली. वर्षानुवर्षे त्याच साधनाने गोळ्याच मोजल्या जात होत्या, आणि दोन्ही पोलादी मुखे नेमकी मध्यावर खोलगट झाली होती. मुखे मिटली असता त्यांच्या कडा एकमेकींस टेकत, म्हणून शून्य बरोबर येई. सपाट ठोकळाही कडांवरच टेके, म्हणून तोही बरोबर येई. गोळी तेवढी खळग्यात बसे आणि कमी भरे. गोळ्या पूर्ण मापाच्या होत्या.

मी केलेला पडताळा खोटा नव्हता. परंतु तो ज्या वस्तूने केला ती मोजावयाच्या वस्तूसारखी नव्हती. जे काम साधनाने करावयाचे त्याच कामात त्याची परीक्षा झाली पाहिजे, हे त्यावेळी मला सुचले नाही. पुरवठादारास निरोप धाडला, तेव्हा त्याने तो माल पडत्या भावाने दुसरीकडे विकून टाकलेला होता.

मापठोकळे तरी खरे कशावरून, असा प्रश्न येथे कोणी विचारील. ते प्रयोगशाळेतील अधिक चांगल्या ठोकळ्यांशी ताडून पाहिलेले असतात, ते त्याहून चांगल्यांशी, आणि अखेर प्रकाशाच्या तरंगलांबीशी. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. आपल्या देशात लांबीचे राष्ट्रीय प्रमाण दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. खेड्यातील लेथवरच्या मायक्रोमीटरचा शब्द खरा मानावयाचा तो या परंपरेच्या बळावर. तीत एक दुवा तुटला की पुढील सर्व मापे केवळ आपापसांत जुळणारी राहतात.

काही गुण मात्र असे आहेत की ज्यांस बाहेरचा साक्षीदार लागत नाही. गुण्याचा काटकोन पाहावयाचा असेल तर सरळ कडेच्या फळीवर त्याने एक रेघ ओढावी, तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. रेघा जितक्या फाकतील त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. पाणसळही अशीच फिरवून पाहतात. व्हिटवर्थने १८४० साली तीन लोखंडी पाटे एकमेकांशी रंग लावून आळीपाळीने ताडून खरवडण्याची पद्धत विद्वानांपुढे मांडली. दोन पाटे जुळले तरी त्यांत एक फुगीर व दुसरा खोलगट असू शकतो. तिघे परस्परांशी जुळले म्हणजे तिन्ही सपाट असल्यावाचून गत्यंतर नाही. काटकोन व सपाटी यांना एककाची गरज नाही. लांबीला ती आहे, आणि म्हणूनच लांबी मोजणारे साधन स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही.

उष्णतामानाचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. लांबीची प्रमाणे २० अंश सेंटिग्रेडला मानावयाची असे १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीने ठरविले. पुण्याच्या वैशाखातील दुपारी त्या अंशाचे दर्शनही होत नाही. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा ३५ अंशांवर सुमारे १७ मायक्रॉनने वाढतो. साधन व वस्तू दोन्ही पोलादी आणि सारखीच उष्ण असतील तर दोघे बरोबरच वाढतात व हानी होत नाही. परंतु वस्तू ॲल्युमिनियमची असली तर ती पोलादाच्या दुपटीने वाढते, व साधनाची वाढ वजा जाता तेवढेच १७ मायक्रॉन पुन्हा शिल्लक राहतात. लेथवरून नुकताच काढलेला, साधनाहून ३० अंश अधिक तापलेला २५ मिलिमीटरचा जॉब तर जवळजवळ एक रेघ जास्त भरतो. घाईच्या वेळी हीच चूक सर्वांत अधिक होते. दोन्ही वस्तू एकाच लोखंडी पाट्यावर काही वेळ शेजारी ठेवाव्या, हा तिच्यावरील बिनखर्ची उपाय.

दैनंदिन काळजीविषयी थोडे सांगितले तरी पुरे. मायक्रोमीटर पकडीसारखा आवळू नये, फिरता जॉब त्याने मोजू नये, पेटीत ठेवताना मुखांमध्ये थोडी फट ठेवावी. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, बोटांच्या घामाचा ठसा रात्रीत गंजतो. तेव्हा मुखे पुसून पातळ तेलाचा हात द्यावा.

पडताळा किती दिवसांनी घ्यावा, यास ठराविक उत्तर नाही. वर्षाची मुदत लिहिलेली चिकटपट्टी साधनावर लावली की वर्षभर ते खरे राहील, अशी श्रद्धा अनेक ठिकाणी आढळते. झीज ही मोजलेल्या नगांच्या संख्येवर असते, तारखेवर नव्हे. प्रथम सहा महिन्यांनी पाहावे. चूक वाढली नसेल तर मुदत वाढवावी, वाढली असेल तर कमी करावी. मात्र त्याकरिता नोंदवहीत ‘ठीक’ एवढेच न लिहिता प्रत्येक मापावरील चुकीचा आकडा लिहिलेला हवा. नाही तर ती वाढते आहे हे कळावयाचे कसे?

वर सांगितलेल्या मायक्रोमीटरची मुखे नंतर घासून सपाट करून घेतली. मापठोकळ्यांच्या पेटीत आता ६ मिलिमीटरची एक पडताळलेली गोळीही ठेवलेली असते, आणि नोंदवहीत तिच्यासाठी वेगळा रकाना आखलेला आहे.