संख्यांच्या रांगेतून तारेचा झंकार

उणे 1 ते अधिक 1 यांच्या दरम्यानच्या 200 संख्या घ्या, कोणत्याही, अगदी बेशिस्त. त्या एका रांगेत मांडा. रांगेतली पहिली संख्या स्पीकरकडे पाठवा. तिची आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या संख्येची सरासरी काढा आणि ती सरासरी रांगेच्या शेवटी लावा. आता जी संख्या पहिल्या जागी आली तिचंही तेच करा. संगणकाला हे सेकंदाला 44,100 वेळा करू द्या. स्पीकरमधून तार छेडल्याचा स्वच्छ झंकार ऐकू येतो.

केविन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी 1983 मध्ये ही कृती प्रसिद्ध केली. तिच्यात एक बेरीज आहे आणि एक भागाकार. संगणकावरच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरचं मर्म समजून घ्यायला इतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो पुरेशा बारकाईने संख्यांत मांडला, तर त्या संख्यांतून आवाज पुन्हा उभा करता येतो. मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 मध्ये न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत ‘म्युझिक’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि आयबीएमच्या अवाढव्य संगणकाकडून 17 सेकंदांची एक छोटी रचना वाजवून घेतली. पुढे जॉन चाउनिंग यांनी एका लहरीने दुसरीची वारंवारता वेगाने हलवून घंटा आणि पितळी वाद्यांसारखे ध्वनी घडवले. 1983 मध्ये आलेला यामाहाचा डीएक्स 7 हा सिंथेसायझर याच युक्तीवर उभा होता.

आता आपल्या रांगेकडे वळू. 44,100 ला 200 ने भागलं की साधारण 220 येतात, म्हणजे रांगेची एक फेरी सेकंदाला सुमारे 220 वेळा पूर्ण होते. तोच आकार इतक्या वेळा फिरून आला की कानाला तिथे सूर सापडतो. हार्मोनियमवर तो मंद्र सप्तकातल्या पांढरी सहाच्या जवळ पडतो. सुरुवातीच्या बेशिस्त संख्यांत सर्व उपस्वर ठासून भरलेले असतात, म्हणून छेडल्याचा पहिला क्षण लख्ख आणि धारदार वाटतो. सरासरी काढल्याने शेजारच्या संख्यांतला फरक दर फेरीला बोथट होतो. त्यामुळे वरचे उपस्वर लवकर मावळतात आणि मूळ सूर मागे रेंगाळतो. खऱ्या तारेतही ऊर्जा याच क्रमाने सरते. सरासरी काढताना दर वेळी नाणं उडवून छापा पडला तर तिचं चिन्ह उलटं केलं, की सूर नाहीसा होतो आणि चर्मवाद्यावर पडल्यासारखी थाप ऐकू येते.

ही कृती अडते ती सुरेलपणापाशी. रांगेत संख्या 50 असतील किंवा 51, साडेपन्नास नसतात. खालच्या सुरांत हा फरक जाणवत नाही. तार सप्तकात मात्र एका संख्येने सूर अर्धस्वराच्या एक तृतीयांशाइतका सरकतो, आणि श्रुतींची सवय असलेल्या कानाला तो खपत नाही. डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी 1983 मध्येच रांगेत एक छोटा फिल्टर बसवून अपूर्णांकाइतका विलंब साधला आणि ही अडचण दूर केली.

तंबोरा मात्र या रांगेत मावत नाही. साध्या तारेचे वरचे उपस्वर विझत जातात, तंबोऱ्यात ते पुन्हा पुन्हा उजळतात. तार मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटू नयेत, असं पाठ्यपुस्तकातलं गणित सांगतं. तंबोरा हा नियम पाळत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं. कारण घोडीत आहे. तिचा माथा रुंद आणि किंचित वक्र असतो, तार हलताना त्याला सतत स्पर्श करते, आणि मध्ये सरकवलेलं सूत हा स्पर्श नेमका कुठे व्हावा ते ठरवतं. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यातल्या या स्पर्शाचं गणित मांडून बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी गेल्या दशकात तंबोऱ्याचं संगणकीय प्रारूप तयार केलं. एका बेरजेत भागणारं काम इथे क्षणाक्षणाला समीकरणं सोडवण्यापर्यंत पोचतं.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर जवारी काढताना कानसेने घोडी घासतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा घासतात. पिढ्यांच्या या कौशल्याची उंची सॉफ्टवेअरमुळे तसूभरही कमी होत नाही. उलट, घोडीच्या वक्रतेतला केसाएवढा बदल आवाजात काय घडवतो, हे त्यामुळे मोजून सांगता येतं.

संगीत शिकणाऱ्या आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी हा प्रयोग एकत्र करावा, असं मला मनापासून वाटतं. सी-साउंड हा मोफत प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि कार्प्लस-स्ट्राँगची तार त्यात तयार मिळते. रांग लांब करा, आखूड करा, सरासरीत एका संख्येला जास्त वजन द्या आणि ऐका. ‘या आवाजात गोडवा आहे’ इथे न थांबता तो कशामुळे आला हे मूल विचारू लागेल. आणि जवारीची पुढची चांगली प्रारूपं बनवायची असतील, तर त्या मुलांपैकी काहींना मिरजेच्या कारागिरांशेजारी बसून शिकावं लागेल.