गाडीचा गुंता – 7 : बॅटरी नवी, तक्रार जुनी

मागच्या भागात जॉब कार्डावरच्या नोंदींची ओळख झाली. पण त्यावर लिहिलेलं निदानच चुकलं असेल तर?

अशा वेळी पहिला बळी जातो तो बहुधा बॅटरीचा. रविवारी रात्री लावलेली गाडी बुधवारी सकाळी सेल्फ घेत नाही, नुसती टकटक करते. मिस्त्री सांगतो, “बॅटरी गेली.” नवी बसते. आठवड्याभरात पुन्हा टकटक. मग अल्टरनेटरवर संशय, तोही बदलला जातो. बिल फुगतं, तक्रार जिथल्या तिथे.

खरं तर दोन्ही संशय मल्टिमीटरने पाच मिनिटांत तपासता येतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन सुरू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5. हे आकडे ठीक असूनही गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असेल, तर बंद गाडीतही कुणीतरी करंट खातंय. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, चिकटलेला रिले किंवा डिकीतला न विझणारा दिवा, यांपैकी काहीही.

हा चोर पकडायला घाई चालत नाही. वायरमन मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत जोडतो. दार उघडंच ठेवून त्याचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने मिटवतो, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. अर्धा-पाऊण तास थांबल्यावर करंट 50 मिलिअँपिअरच्या आत आला पाहिजे. तो अर्ध्या अँपिअरवर अडला, तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची 35ची बॅटरी दोन दिवसांत धापा टाकणार. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला काटा पडला, त्या सर्किटमध्ये दोष.

म्हणून पार्ट बदलायला होकार देण्याआधी एकच विचारावं : रीडिंग किती आलं? ते जॉब कार्डावर लिहून घ्यावं. काढलेला पार्ट परत हवा, हेही आधीच सांगावं. जुनी बॅटरी बहुधा नवीच्या किमतीत वळती होते, त्यामुळे ती देण्यापूर्वीच टेस्टरवर तपासून घ्यावी.

तरीही फसगत झालीच, तर भांडणाआधी कागद जमवावेत. दुसऱ्या गॅरेजकडून खरा दोष आणि रीडिंग लेखी घ्यावं, पहिल्या गॅरेजला लेखी पत्र देऊन अनावश्यक कामाचे पैसे मागावेत. दाद लागली नाही, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही. मात्र निदान चुकलं म्हणजे सेवेत त्रुटी झालीच, असं आपोआप ठरत नाही. तपासणी न करताच पार्ट बदलला, हे कागदांवरून दिसावं लागतं.

पुढच्या भागात : स्कॅनरचे कोड आणि नाहक बदलले जाणारे ऑक्सिजन सेन्सर.