मान पापलेटाचा, भार बोंबलाचा

शेकरू, हरियाल, ताम्हण यांना महाराष्ट्राची मानचिन्हं म्हणून निवडताना त्यांचा बाजारभाव कुणी विचारला नव्हता. माशाची पाळी आली तेव्हा मात्र चढ्या भावाचा मासा पुढे आला. २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुजरातने घोळ माशाला तो मान दिला. घोळीची किंमत तिच्या मांसापेक्षा पोटातल्या हवेच्या पिशवीत, म्हणजे बोतात, जास्त असते. ही वाळवलेली बोतं हाँगकाँग-चीनकडे जातात आणि तिथे मेजवानीच्या सूपमध्ये पडतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर तालुक्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळी सापडल्या आणि त्यांचे सव्वा कोटीहून अधिक रुपये आले. सगळ्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. घोळ खायला कशी लागते, याबद्दल मात्र त्यांत अवाक्षर नव्हतं.

मासे खाणाऱ्या समाजाला वाटतं की आपली आवड समुद्राने घडवली. माझं मत वेगळं आहे. समुद्र पुष्कळ काही देतो. त्यातलं ताटात काय येईल हे बर्फ, तवा, भाव आणि प्रतिष्ठा ठरवतात.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कुठल्याही ‘मालवणी’ पाटीच्या हॉटेलात जा. पापलेट, सुरमई, हलवा, फार तर रावस आणि कोळंबी. थाळीचं नाव माशावरून आणि भावही माशावरून. बांगडा थाळी खालच्या ओळीत असते, आणि ती मागवणारा थोडा ओशाळलेला असतो. याच किनाऱ्यावर मांदेली, करंदी, जवळा, बोंबील, ढोमे, राणे, सौंदाळे, मुडदुशे, पेडवे, तारल्या, काणे, वाकट्या, शिंगाळे, मुशी, पाकट, माकुल, तिसऱ्या, कालवं मिळतात, आणि ही यादी अजून वाढवता येईल. घरच्या स्वयंपाकात यातल्या प्रत्येकाची रीत वेगळी होती. बांगड्याला आणि तारल्यांना तिरफळ हवं, सोडे खिचडीत पडले की सीकेप्यांचा रविवार साजरा होतो, मालवणात मोरीचं, म्हणजे मुशीचं, मटण होतं, जवळ्याची चटणी भाकरीबरोबरच खायची. हॉटेलने हा सगळा पसारा तव्यावर आणला. तोच लाल मसाला, तोच रवा. अशा तव्याला जाड तुकडीचा, सौम्य चवीचा, काट्यांचा त्रास न देणारा मासा लागतो. पापलेट त्यात फिट्ट बसतं: मधला एक कणा काढला की काम झालं, पाहुण्याच्या घशात काटा अडकण्याची भीती नाही. शिवाय ते बर्फात टिकतं, दूर पाठवता येतं, आणि अख्खं ताटात ठेवलं की शोभतं. कोळीण बाजारात पापलेट विकते आणि घरी ढोम्याचं कालवण करते, हे कोळीवाड्यात नवं नाही. त्यामागे गरिबी आहेच, पण निव्वळ गरिबी नाही. कालवणाला चव कुठल्या म्हावऱ्याची येते हे तिला ठाऊक असतं.

काट्यांच्या भीतीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पाला. बंगाली माणूस ज्याच्यासाठी जीव टाकतो तो इलिश म्हणजे आपला पालाच. नर्मदेच्या मुखाशी, भरूचच्या बाजूला, पावसाळ्यात तो पुष्कळ मिळायचा आणि बर्फात घालून कोलकात्याला रवाना व्हायचा. बंगालात तो लग्नाच्या तत्त्वात, म्हणजे एकमेकांच्या घरी पाठवायच्या भेटींत, जातो. आपल्याकडे ‘फार काटे’ या दोन शब्दांत त्याचा निकाल लागतो. उलट, किनाऱ्यावरचा कोकणी माणूस रोहू-कटल्याला ‘मातीचा वास येतो’ म्हणून नाक मुरडतो आणि बंगाल्याला गोड्या पाण्याचाच मासा खरा वाटतो. दोघेही आपली जीभ उपजत मानतात.

ती तशी नसते, याला जपानचा दाखला पुरेसा आहे. सुशी म्हटलं की आज डोळ्यांपुढे केशरी सालमन येतो. जपानी माणूस १९८० च्या दशकापर्यंत तो कच्चा खात नव्हता, कारण पॅसिफिकच्या सालमनमध्ये परजीवी असतात हे तिथे घरोघरी माहीत होतं. तेव्हा नॉर्वेत सालमनची शेती वाढली होती आणि माल पडून राहू लागला होता. नॉर्वेच्या सरकारने जपानसाठी मोहीमच उघडली, वर्षानुवर्षं स्वयंपाकी आणि व्यापारी यांच्या मागे लागून तो कच्च्या सुशीत बसवला. ट्यूनाच्या पोटाकडचा चरबीचा भाग, जो आज सगळ्यात महाग, तो युद्धापूर्वी हलका समजला जाई. जपान्यांची जीभ एका पिढीत बदलू शकते, तर आपल्या हॉटेलातला गेदर, म्हणजे आपल्याकडचा ट्यूना, कायम उपेक्षितच राहील असं मानायला कारण नाही.

आता उलटं उदाहरण घेऊ, कारण सगळीकडे आवड बदलतेच असं नाही. ब्रिटन चहूबाजूंनी समुद्राने वेढलेलं. तिथला माणूस मुख्यतः पाचच प्रकार खातो: कॉड, हॅडॉक, सालमन, ट्यूना आणि कोळंबी. कॉडचा तुकडा पिठात बुडवून तळायचा आणि बटाट्याच्या कापांबरोबर खायचा, हे त्यांचं राष्ट्रीय जेवण. दुसऱ्या महायुद्धात साखर, लोणी, मटण सगळं रेशनवर गेलं, पण या खाण्यावर रेशन लावण्याची छाती सरकारला झाली नाही. हा कॉड येई आइसलँडच्या पाण्यातून. आइसलँडने आपली हद्द १९५८ मध्ये १२ सागरी मैल केली, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २००. तिन्ही वेळा ब्रिटनने मच्छीमारांच्या रक्षणासाठी आरमार धाडलं, आणि तिन्ही वेळा आइसलँडचंच खरं झालं. १९७६ नंतर हल आणि ग्रिम्सबी या बंदरांचे दूरच्या समुद्रात जाणारे ताफे मोडीत निघाले. जीभ मात्र तसूभर हलली नाही. आपल्या समुद्रात कॉड पुरेसा नाही, तर तो आइसलँड-नॉर्वेकडून विकत घ्यायचा आणि खायचा. आणि त्यांच्या स्वतःच्या पाण्यातले खेकडे, स्कॉटलंडची लँगुस्टीन नावाची लांब नांग्यांची शेवंड? ती फ्रान्स आणि स्पेनकडे जाते. जानेवारी २०२१ मध्ये ब्रेक्झिटनंतरच्या कागदपत्रांत हा माल अडकला तेव्हा स्कॉटिश व्यापाऱ्यांनी आपले ट्रक थेट लंडनला नेऊन पार्लमेंटजवळ उभे केले. देशातच खाणारं गिऱ्हाईक असतं तर इतका आकांत झाला नसता.

यावर हसण्याआधी आपण रत्नागिरीला जाऊ. राणे हा गुलाबी, दिसायला देखणा मासा ट्रॉलच्या जाळ्यात भरपूर येतो. किनाऱ्याबाहेर त्याला नाव नाही. तो कारखान्यात जातो, त्याचं मांस काढून धुतात, वास आणि रक्त घालवतात, त्यात साखर मिसळून गोठवतात. याला सुरिमी म्हणतात. हे तंत्र जपानमध्ये होक्काइदोच्या संशोधकांनी १९६० च्या सुमाराला बसवलं आणि १९९० च्या दशकात ते रत्नागिरीत आलं. या लगद्यातून जपानी कामाबोको होतं, आणि रंग-स्वाद घालून खेकड्याच्या मांसासारख्या कांड्याही. मुंबईच्या वातानुकूलित दुकानातल्या फ्रीझरमध्ये ही लाल-पांढरी कांडी दिसते. खरा खेकडा फोडायचा कंटाळा असलेला मराठी माणूस ती घेऊन जातो आणि ज्या राण्याकडे त्याने बाजारात ढुंकून पाहिलं नाही, तोच खातो.

माकुलाचं असंच. पूर्वी गळाला आमिष म्हणून लावायचा माल आज स्पेन-इटलीकडे जातो, आणि बाहेर मागणी आल्यावर आपल्या हॉटेलांनाही तो आठवला. केरळात तर याचा पूर्ण इतिहासच आहे. १९५२ मध्ये भारत-नॉर्वे करार झाला आणि कोल्लमजवळ नींडकरा इथे प्रकल्प उभा राहिला, तो गरीब मच्छीमारांचं आणि स्थानिक आहाराचं भलं करण्यासाठी. काही वर्षांतच अमेरिकेच्या बाजारात कोळंबीला काय भाव आहे ते कळलं आणि यांत्रिक बोटी कोळंबीच्या मागे लागल्या. आज देशाच्या मासळी निर्यातीची गाडी गोठवलेल्या कोळंबीवरच चालते: २०२३-२४ मध्ये एकूण निर्यात साठ हजार कोटींच्या वर होती, त्यातले चाळीस हजार कोटी एकट्या कोळंबीचे. तीही मुख्यतः वनामेई, म्हणजे मूळची अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, व्यापारी शेतीसाठी २००९ मध्ये आणलेली, तळ्यात वाढवलेली.

मग ‘स्थानिक मासे खा’ म्हटलं की प्रश्न सुटला? नाही. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासा टिकवायला फॉर्मेलिन लावल्याचं प्रकरण उसळलं आणि परराज्यांतून येणारी मासळी थांबवावी लागली, तेव्हा शीत-कढीवर पोसलेल्या त्या राज्याला आपल्या बाजारात किती ट्रक येतात हे कळलं. केरळात मत्ती, म्हणजे आपली तारली, २०१२ मध्ये जवळजवळ चार लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये जेमतेम ३,२९७ टन. समुद्राने हात आखडला, पण मत्तीवाचून घास उतरेना, म्हणून ती इतर राज्यांतून आणि ओमानहूनही आली. तिथे तेव्हा आवड स्थानिक राहिली, मासा राहिला नाही.

या सगळ्यात मला बोंबील सर्वांत शहाणा मासा वाटतो. त्याच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, त्यामुळे ताजा असताना तो फार दूर जाऊच शकत नाही. ओहोटी-भरतीच्या ओढीवर उभ्या केलेल्या डोल नावाच्या जाळ्यात तो येतो. वरवंट्याखाली दाबून पाणी काढावं तेव्हा कुठे तळता येतो, आणि तरीही तव्यावर मोडायची धमकी देतो. उरलेला कोळणी जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर वाळत घालतात. हा वाळलेला बोंबील आणि सुकट घाट चढून देशावरच्या आठवडे बाजारांत गेली. समुद्र ज्यांनी जन्मात पाहिला नाही अशा सातारा-नगरच्या खेड्यांत चुलीवर बोंबील भाजला जातो. पापलेट तिथे आजही फारसं पोचलेलं नाही. महाराष्ट्राने समुद्राचं जे काही सार्वत्रिक खाल्लं, ते हे. आणि युरोपलाही त्याची गोडी होती: १९९७ मध्ये युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे, मासळी मान्यताप्राप्त कारखान्यातूनच यायला हवी म्हणून, उन्हात वाळलेल्या बोंबलाची आयात बंद पडली. तेव्हा इंग्लंडातल्या करीच्या शौकिनांनी तो परत मिळावा म्हणून चळवळ चालवली. शेवटी वाळवणं उन्हातच, पण बांधणी मान्य ठिकाणी, अशी तडजोड निघाली. राज्यमासा निवडायचा अधिकार माझ्याकडे असता तर कौल कुणाला गेला असता, हे वेगळं सांगायला नको.

पापलेटाचं उत्पादन गेल्या काही दशकांत घटत गेलं आहे, हे पापलेट पकडणाऱ्या सातपाटीच्या मच्छीमाराला संशोधकांच्या आधी कळलं होतं. डोलीच्या बारीक आसात पापलेटाची पिल्लं सापडतात आणि ट्रॉल तर काहीच सोडत नाही. मोठं पापलेट परवडत नाही म्हणून बाजारात तळव्याएवढी पापलेटं वाट्यावर विकली जातात आणि आपण ‘स्वस्त मिळाली’ म्हणून खूश होतो. त्यांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदीही असते. पण बंदरावर मोजपट्टी घेऊन उभं राहणारे हात थोडे, आणि गिऱ्हाईक मागतं ते व्यापारी आणतो. हॉटेलवाल्यांनी ताटात मावणारं पापलेट मागायचं थांबवलं तर हा कायदा अर्ध्याहून अधिक आपोआप पाळला जाईल.

दिवाळीनंतर थंडीच्या दिवसांत बाजारात जाल तेव्हा पापलेटाचा भाव विचारण्याआधी मासेवालीला ‘आज काय आलंय?’ एवढं विचारा. बांगडे, मांदेली, राणे, ओले बोंबील, जे ताजं असेल ते घ्या, आणि ते कसं करायचं हेही तिलाच विचारा, ती सांगते. तळव्याएवढं पापलेट मात्र कितीही स्वस्त दिलं तरी घेऊ नका.