मनोविकार वॉर्डातील परिचारिकेची नजर

अतिदक्षता विभागात हृदयविकाराच्या रुग्णाची प्रकृती ढासळू लागली, की खाटेशेजारचे यंत्र आवाज करते; मनोविकाराच्या वॉर्डात असे यंत्र नसते. स्किझोफ्रेनिया, उन्माद किंवा तीव्र नैराश्य यांचे निदान आजही रुग्णाचे बोलणे-वागणे, झोप, भूक आणि नातेवाइकांनी सांगितलेली हकिगत यांवरूनच प्रामुख्याने केले जाते, आणि मनोविकारतज्ज्ञ राउंडच्या वेळी रुग्णापाशी फार वेळ थांबू शकत नसल्यामुळे उरलेल्या दिवसरात्रीत त्याच्यात कोणता फरक पडला, हे प्रथम कळते ते पाळीपाळीने ड्युटी करणाऱ्या परिचारिका-परिचारकांना. अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी 1952 मध्येच परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्याला उपचारात मध्यवर्ती स्थान दिले होते. पुढे 2006 मध्ये ख्रिस्टीन टॅनर यांनी परिचारिकेच्या निर्णयप्रक्रियेची चार अंगे मांडली: काही वेगळे घडते आहे हे ध्यानात येणे, त्याचा अर्थ लावणे, त्यानुसार कृती करणे आणि नंतर आपला निर्णय तपासून पाहणे. मनोविकारांत खरी कसोटी लागते ती अर्थ लावताना, कारण रुग्णाच्या कोणत्याही वागण्याला ‘आजारच तो’ हे उत्तर आधीच तयार असते आणि घाईच्या वेळी तेच सर्वांत सोयीचे वाटते.

हॅलोपेरिडॉलसारखे भास व भ्रम कमी करणारे औषध सुरू झालेला रुग्ण तीन-चार दिवसांनी वॉर्डात सतत येरझाऱ्या घालू लागतो, जेवायला बसला तर घास अर्धवट टाकून उठतो, उभा राहिला तरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत राहतो. हे आजार बळावल्याचे लक्षण मानले, तर डॉक्टरांनी गरजेपुरते लिहून ठेवलेले त्याच औषधाचे इंजेक्शन दिले जाते आणि रुग्णाची अवस्था आणखी बिकट होते. कारण ही अस्वस्थता पुष्कळदा औषधाचाच दुष्परिणाम असते, जिला वैद्यकात ‘अकॅथिझिया’ म्हणतात. दोहोंतला फरक बाहेरून पाहून सहसा उमगत नाही, तो विचारावा लागतो. “दादा, एका जागी बसलं की काय होतं?” या साध्या प्रश्नावर एखादा रुग्ण कोणीतरी मागे लागल्याचे सांगतो, तर दुसरा पायांत आणि जिवात काहीतरी तडफड होते, बसवतच नाही, असे म्हणतो. येरझाऱ्या औषधाआधीपासून होत्या की डोस वाढवल्यानंतर सुरू झाल्या, हे केस पेपर मागे उलटून पाहिले की बरेचसे स्पष्ट होते, आणि मग डॉक्टरांना डोस कमी करण्याचा किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध देण्याचा विचार करता येतो. असह्य झालेल्या अकॅथिझियातून आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून ही चूक किरकोळ नव्हे.

शरीराचा आजार मनोविकाराच्या शिक्क्याआड दडण्याचा असाच धोका लिथियमच्या बाबतीत असतो. मनःस्थितीतील टोकाचे चढउतार रोखणारे हे औषध रक्तात साधारणपणे 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर या मर्यादेत उपयोगी पडते आणि 1.5 च्या पुढे विषबाधेची भीती असते. म्हणजे गुण देणारी मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतर फारच थोडे आहे. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले, की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवू लागतात. म्हणून विदर्भातील मे महिन्याचा उन्हाळा, दोन दिवसांचे जुलाब, रक्तदाबासाठी अचानक सोडलेले मीठ किंवा दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेनची गोळी यांपैकी काहीही पुरेसे ठरू शकते. हातांची बारीक थरथर या औषधाने बऱ्याच जणांना होते, पण ती ठळक झाली, चाल लटपटू लागली, जीभ जड होऊन शब्द घसरू लागले, तर ‘गोळ्यांनी जरा सुस्ती आली आहे’ या नातेवाइकांच्या समजुतीवर विसंबून चालत नाही. अशा वेळी पुढचा डोस थांबवून ताबडतोब डॉक्टरांना कळवणे आणि रक्तातील पातळी तपासण्याची व्यवस्था करणे हे परिचारिकेचे काम आहे. क्लोझापिन हे भास-भ्रमांवरचे औषध घेणाऱ्याचा साधा वाटणारा ताप व घशाची खवखव हेदेखील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्याचे चिन्ह असू शकते.

हीच गल्लत मनोविकाराच्या वॉर्डाबाहेरही होते. हाड मोडून शस्त्रक्रिया विभागात दाखल झालेला आणि रोज दारू पिणारा माणूस दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांनी सलाईन उपसू लागतो, नसलेले किडे झटकतो, दिवस की रात्र हे त्याला सांगता येत नाही. वॉर्डात त्याला वेड लागल्याचे बोलले जाते, परंतु ही जिवावर बेतणारी वैद्यकीय आणीबाणी असते.

आत्महत्येच्या जोखमीचा अंदाज घेणे हा या शुश्रूषेतील सर्वांत अवघड भाग होय. तीव्र नैराश्यात उपचारांनी हालचालीतील शक्ती बऱ्याचदा आधी परतते आणि निराशा मागाहून ओसरते, त्यामुळे रुग्ण उठून आंघोळ करू लागला, म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात तेव्हा नेमका तोच काळ जपण्याचा असू शकतो. विचारल्याने मनात नसलेला विचार पेरला जातो, हा समज निराधार आहे; “स्वतःला संपवावं असं वाटतं का, त्यासाठी काही ठरवलंय का?” असे सरळ, पण आडोशाला बसून विचारणे आवश्यक असते. घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे तितकेच नाजूक असल्याने औषधे कोणाच्या ताब्यात राहतील, फेरतपासणीला कोण आणील आणि अडीनडीला ‘टेलि-मानस’ या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक घरच्यांकडे आहे का, हे रुग्ण घरी जाण्यापूर्वीच ठरवून घ्यावे लागते.

हिंसक झालेल्या रुग्णाला बांधून ठेवण्याचा प्रश्न मात्र केवळ वैद्यकीय राहिलेला नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट 2001 मध्ये लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले मनोरुग्ण होरपळून मेले, आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड व एकांतकोठडी या दोहोंवर पूर्ण बंदी घातली. तत्काळ संभवणारी इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल, तेव्हाच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने, अत्यावश्यक तेवढाच वेळ रुग्णाला बांधता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत एवढ्याच कारणावरून नाही. कायद्याला हे दुसरे कारण मुद्दाम लिहावे लागले, यावरून आपल्याकडील वॉर्डांची कल्पना येते. बांधलेल्या रुग्णाच्या हातापायांतला रक्तप्रवाह पाहणे, त्याला पाणी व लघवीबद्दल विचारणे आणि तो शांत झाल्याचे दिसताच सोडण्याची आठवण डॉक्टरांना करणे हे काम परिचारिकेकडेच येते. बंध सोडल्यानंतर, रुग्ण बोलण्याच्या स्थितीत आला की राग चढण्यापूर्वी त्याला काय जाणवते, कोणाशी बोलले तर बरे वाटते, हे त्यालाच विचारून केस पेपरवर ‘रुग्ण शांत’ एवढेच न लिहिता त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवले, तर रात्रपाळीची परिचारिका पुढच्या वेळी इंजेक्शन भरण्याआधी ते वापरून पाहू शकते.