भट्टीपुढचा घाम आणि दारावरचा निरोप
भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. अशा भट्टीपुढे पाळी करणाऱ्याला घामाच्या धारा लागतात, रक्तातल्या क्षारांचं प्रमाण चढतं आणि मेंदू व्हॅसोप्रेसिन सोडतो. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हा निरोप्या मूत्रपिंडाच्या पेशीत शिरतच नाही; दारावरच थांबतो. पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेला ‘व्ही-२’ ग्राहक त्याला ओळखतो, आकार बदलतो, आतल्या जी-प्रथिनाला जागं करतो. मग निरोप आत पुढे नेणारं सायक्लिक एएमपी वाढतं आणि पेशीत राखून ठेवलेल्या पाण्याच्या तोट्या, म्हणजे ॲक्वापोरिन-२, आवरणावर येऊन बसतात. पाणी रक्तात परततं, लघवी गडद होते. दारू हा निरोप मेंदूतच अडवते, तेव्हा पाळी सुटल्यावरची थंडगार बिअर हा तहानेवरचा उतारा नव्हेच. साधं पाणी पोटात गेलं, रक्त पूर्वपदावर आलं, की तोट्या पुन्हा आत.