आहार आणि पुरुषाची प्रजननक्षमता

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की गावाची बोटे सुनेकडे वळतात. तिला नवससायास, उपासतापास करावयास लावले जाते. प्रसंगी तिला माहेरी धाडून मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू होतात. पतीची तपासणी मात्र सहसा कोणी सुचवीत नाही. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे पूर्णतः वा अंशतः कारण असते. या दोषांपैकी काहींचा संबंध रोजच्या ताटाशी आहे.

शुक्रजंतूंची घडण

पुरुषाच्या वृषणात शुक्रजंतू सतत निर्माण होत असतात. एक शुक्रजंतू पूर्णपणे घडून परिपक्व होण्यास सुमारे तीन महिने लागतात. या कार्यास प्रथिने, जीवनसत्त्वे आणि जस्तासारखी खनिजे आवश्यक असतात. आहारात आज केलेल्या सुधारणेचे फळ दिसावयास तीन महिने धीर धरावा लागतो, तो यामुळेच.

जस्ताचा धडा

इराणमधील शिराझ येथे काम करणारे, मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये तेथील काही खुरटलेल्या तरुणांची माहिती प्रसिद्ध केली. वय वाढूनही ते वयात आलेले नव्हते. त्यांचा आहार बहुतांशी बिनआंबवलेल्या रोटीचा होता. धान्याच्या कोंड्यातील फायटेट हे द्रव्य जस्ताला जखडून ठेवते व ते शरीरास मिळू देत नाही. पुढील संशोधनात जस्ताची ही उणीव सिद्ध झाली आणि जस्त दिल्यावर अशा तरुणांची वाढ होऊ लागली.

कडधान्यांना मोड आणल्याने व पीठ आंबविल्याने फायटेट कमी होते. मोडाची मटकी, ज्वारीची आंबील, आंबोळी हे पदार्थ या दृष्टीने हितकारक होत. तथापि उणीव नसताना जस्ताच्या गोळ्या घेण्यात लाभ नाही. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जस्त व फॉलिक आम्ल दिल्याने अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही.

सरकीच्या तेलाची कथा

आहारातील एखादे द्रव्य प्रजननक्षमता कशी हिरावून घेते, हे चीनमध्ये दिसून आले. १९५० नंतरच्या दशकात तेथील काही खेड्यांत कच्चे सरकीचे तेल स्वयंपाकात वापरले जाऊ लागले आणि मुले जन्मास येईनाशी झाली. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य त्यास कारण होते. पुढे पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या. परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम घटले, तर काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. त्यामुळे तो प्रयत्न सोडून द्यावा लागला.

विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी हे ध्यानी ठेवावे. शुद्धीकरणात गॉसिपॉल निघून जात असल्याने बाजारातील शुद्ध केलेल्या सरकी तेलाचे भय नाही. कच्चे तेल मात्र खाऊ नये.

हैदराबादचे मार्गदर्शन

१९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्यात होता, त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस आली. तिने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात तृणधान्ये २५०, भाज्या ४००, फळे १००, डाळी व कडधान्ये किंवा अंडी-मांस ८५ आणि तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, तसेच ३०० मिलिलिटर दूध असावे. हा आहार सर्वसाधारण आरोग्यासाठी सांगितलेला आहे. पण शुक्रजंतूंना लागणारी पोषकद्रव्येही त्यातूनच मिळतात. शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या आणि पेरू यांसाठी दूर जावे लागत नाही.

याउलट तंबाखू, अतिमद्यपान आणि लठ्ठपणा शुक्रजंतूंस हानिकारक ठरतात. 'शक्तिवर्धक' औषधांच्या जाहिरातींसही भुलू नये. लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

आहाराची मर्यादा

आहार हा सर्व दोषांवरील उपाय नव्हे. वृषणातील रक्तवाहिन्या फुगणे, शुक्रजंतूंचा मार्ग बंद असणे, जंतुसंसर्ग यांस वैद्यकीय उपचारच हवेत. काही पुरुषांतील दोष जन्मजात असतो. हैदराबादच्याच कोशिकीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी 'वाय' गुणसूत्राचे भाग गळाल्याने उद्भवणाऱ्या अशा वंध्यत्वाचा अभ्यास केला आहे. तेथे कोणताही खुराक उपयोगी पडत नाही.

म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास पतिपत्नींनी एकत्रच डॉक्टरांकडे जावे. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी असून तीत शस्त्रक्रिया नाही, वेदनाही नाहीत. शिक्षकांनी व आरोग्यसेवकांनी हे गावोगाव समजावून सांगितल्यास एखाद्या निरपराध सुनेचा संसार मोडण्यापासून वाचेल.