नंबर महाराष्ट्राचा, रेंज कोरमंगलाची

९८२२० ने सुरू होणारा नंबर सांगितला की मुरलेला माणूस लगेच विचारतो, “पुण्याचे का?” तसा ९८४५० चा नंबर म्हणजे जुना बंगळुरूकर. पहिले आकडे पाहून गाव आणि कंपनी ओळखायची ही सवय मोबाइल नवलाचा होता तेव्हाची. तेव्हा ९८२२० म्हणजे आयडिया आणि ९८४५० म्हणजे एअरटेल. आता त्यातलं काहीच खात्रीनं सांगता येत नाही. नोकरीसाठी बंगळुरूच्या कोरमंगलाला आलेल्या मराठी मुलामुलींच्या खिशात बहुधा कॉलेजात घेतलेलाच नंबर असतो. बँकेत तोच, आधारला तोच, आईच्या डायरीत तोच. नंबर कुणालाच बदलायचा नसतो. पण पीजीच्या तळमजल्यावरच्या खोलीत आवाज तुटायला लागतो, घरी फोन करायला गच्ची गाठावी लागते, आणि मग कंपनी बदलायचा विचार डोक्यात येतो.

हा विचार आला की बहुतेक जण आधी रिचार्जचे भाव बघतात. माझ्या मते तिथेच चुकतं. भाव दुसऱ्या पायरीवर. पहिली पायरी म्हणजे तुमची उशी. फोन रात्री उशीजवळ ठेवलात तर तिथे कुणाची रेंज येते?

कोरमंगलात टॉवर कमी आहेत अशातला भाग नाही. अडचण भिंतींची आणि गर्दीची आहे. मोबाइलच्या लहरी जितक्या वरच्या वारंवारतेच्या, तितक्या त्या भिंतीत अडकतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दोन-तीन भिंती पार करून आत येतात. २३०० मेगाहर्ट्झच्या, किंवा ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वेग भरपूर देतात, पण काँक्रीट आणि लिफ्टच्या पत्र्यापुढे हात टेकतात. म्हणून ऐंशी फुटी रस्त्यावर सुसाट चालणारा फोन पाचव्या ब्लॉकातल्या बेसमेंट जिममध्ये मुका होतो. एका कंपनीकडे एखाद्या भागात खालचा पट्टा जास्त, दुसरीकडे वरचा, म्हणून एकाच इमारतीत दोघा मित्रांचे अनुभव वेगळे असतात.

कंपन्यांना आता त्यांच्या संकेतस्थळावर २जी, ४जी, ५जी असे वेगवेगळे कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. बघून घ्या, पण नकाशा रस्त्याचा असतो, खोलीचा नसतो. फोनच्या वरच्या दांड्यांवरही विसंबू नका. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या ते फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’ आणि ‘सिम स्टेटस’मध्ये सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून चाचणीचा पडदा उघडतो. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. ४जीला उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० चालेल, उणे ११५च्या खाली गेला की फोन करणं जिकिरीचं. हे मोजमाप सरळ रेषेतलं नाही. १०चा फरक म्हणजे ताकद दहापट कमी. उणे ९५ आणि उणे १०५ हे शेजारी-शेजारी दिसतात, पण त्यांच्यात फार मोठं अंतर आहे.

रेंज भरपूर असून नेट रखडत असेल तर तो भिंतीचा नाही, गर्दीचा दोष. एका टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. शनिवारी रात्री नऊला फोन हातात घेऊन बघा, सोमवारी सकाळी बघू नका.

हे सगळं तपासायचं कसं? माझा उपाय थोडा खर्चिक आहे, पण कधी वाया गेलेला नाही. हल्लीच्या फोनमध्ये दोन सिम चालतात. ज्या कंपनीकडे जायचं मनात आहे तिचं एक नवं, वेगळ्या नंबरचं प्रीपेड सिम घ्या आणि लहानसा पॅक मारा. महिनाभर झोपायच्या खोलीत, न्हाणीघरात, ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये, सिल्क बोर्ड चौकातल्या कोंडीत अडकल्यावर, सगळीकडे वापरून बघा. पटलं तरच आपला खरा नंबर तिकडे न्या. घरात चांगलं वायफाय असेल तर आणखी एक गोष्ट आधी करून पाहा : सेटिंग्जमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. मग कॉल टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून जातो. किती तरी जणांचं दुखणं एवढ्यावर बरं होतं आणि कंपनी बदलायची वेळच येत नाही.

आता भाव. खासगी कंपन्यांनी जुलै २०२४मध्ये दर वाढवले, तेव्हापासून ही चर्चा प्रत्येक चहाच्या टपरीवर आहे. एकच हिशेब लक्षात ठेवा. २८ दिवसांचा पॅक महिन्याचा नसतो. त्याचे वर्षाला १३ रिचार्ज होतात. म्हणून पॅकची तुलना दर दिवसाच्या किमतीवर करा. दूरसंचार नियामक ट्रायने २०२२मध्ये ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा, असे पॅक ठेवणं कंपन्यांना भाग पाडलं आहे. जाहिरातीत ते दिसत नाहीत, शोधावे लागतात. गावी आईवडिलांना नेट लागत नसेल तर डिसेंबर २०२४च्या नियमामुळे आता फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही मिळतात. मात्र त्यांचा साधा बटणांचा फोन असेल तर एक खबरदारी घ्या. जिओकडे २जी-३जी नाही, तिथे ४जीवर कॉल करता येणारा फोनच लागतो.

पर्याय किती? जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल. संपलं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर सुरू झाली, तेव्हा दुकानांत कंपन्यांची रांग होती. सोय आली आणि पर्याय गेले.

सुरुवातीला ही सोय एकाच सर्कलपुरती होती. मोबाइल सेवेसाठी देशाची अशी २२ सर्कल आहेत. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं, मुंबई मात्र वेगळी. बेळगाव कर्नाटकात, म्हणून बेळगावचा मुलगा कोरमंगलाला आला तर त्याचं सर्कल बदलत नाही, कोल्हापूरच्याचं बदलतं. ३ जुलै २०१५ पासून सर्कल ओलांडूनही नंबर नेता येतो. पण नेलाच पाहिजे असं नाही. पूर्वी रोमिंगला पैसे पडायचे, आता नेहमीच्या पॅकमध्ये देशभराचं रोमिंग धरलेलंच असतं. कंपनी ठीक असेल आणि फक्त सर्कल ‘परकं’ वाटत असेल, तर सोडून द्या.

बदलायचं ठरलं तर आपल्या नंबरवरून १९०० ला एसएमएस करा. इंग्रजीत पोर्ट लिहा, एक जागा सोडा, दहा आकडी नंबर लिहा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा संदेश जाऊ द्यावा, असा ट्रायचा आदेश २०२१चा आहे. उत्तरात आठ अक्षरांचा पोर्टिंग कोड येतो. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात तो ४ दिवस चालतो. १६ डिसेंबर २०१९ पासून हा कोड जुनी कंपनी देत नाही, पोर्टिंगचं काम पाहणारी स्वतंत्र मध्यस्थ कंपनी देते, म्हणून जुन्या कंपनीला तो दाबून बसता येत नाही. मात्र अटी आहेत. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं आणि सिमची मालकी बदलण्याची प्रक्रिया मध्येच अडकलेली नसावी. १ जुलै २०२४ पासून आणखी एक भर पडली : सिम हरवलं म्हणून बदलून घेतलं असेल तर त्यानंतर ७ दिवस कोड मिळत नाही. चोराने तुमच्या नावे सिम काढून नंबर पळवू नये, म्हणून ही अट. “सर, तुमचं सिम ५जी करतो, तो कोड सांगा” असं म्हणणाऱ्याला फोनवर तो कोड कधीही देऊ नका.

स्टार्टअपच्या या वस्तीत एक खास अडचण भेटते. नंबर ऑफिसच्या नावावर असतो. नोकरी सुटली की आधी ऑफिसकडून तो स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर पोर्टिंगसाठी ऑफिसचं अधिकारपत्र लागतं. राजीनाम्याच्या पहिल्याच आठवड्यात एचआरला सांगा. शेवटच्या दिवशी कुणी जागेवर सापडत नाही.

कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. कागदी अर्ज १ जानेवारी २०२४ पासून बंद झाले, ओळख मोबाइलवरच पडताळतात. मन बदललं तर २४ तासांच्या आत १९०० वर रद्द करता येतं. एरवी त्याच सर्कलमध्ये कामकाजाचे ३ दिवस, सर्कल बदलत असेल किंवा नंबर ऑफिसच्या नावावर असेल तर ५. मध्ये जुन्या कंपनीचा गोड फोन येईल, एरवी कधी न दिसलेली सवलत घेऊन. ठरवलंय ते ठरवलंय.

बदल बहुधा रात्री होतो आणि त्यात साधारण चार तासांपर्यंत फोन बंद राहू शकतो. त्या वेळी सगळ्या कंपन्यांच्या समाईक यादीत तुमच्या नंबरापुढचा मार्गाचा आकडा बदलतो. यापुढे आईने कोल्हापुरातून फोन लावला की तिची कंपनी आधी ती यादी बघते आणि मगच कॉल कुठे पाठवायचा ते ठरवते. ९८२२० हे आकडे आता रस्ता सांगत नाहीत.

प्रीपेडमधली शिल्लक मात्र सोबत येत नाही, म्हणून जुना पॅक संपत आला असेल तेव्हाच निघा. पोस्टपेडचं शेवटचं बिल विसरलात तर जुनी कंपनी नव्याकडे हाच नंबर बंद करायला सांगू शकते. व्हॉट्सअ‍ॅप सहसा तसंच चालू राहतं, पण यूपीआय फोनमधलं सिम ओळखून चालतं, ते पुन्हा पडताळून घ्यावं लागतं आणि त्यात कधी कधी अर्धा दिवस जातो. त्या दिवशी रिक्षासाठी पाकिटात दोनशे रुपये रोख असू द्या, सुट्टे.